आज कुठं वाजलं?

१२ जानेवारी, मानोरा

टाकली एकदाची. दिवाळीपासून जिच्यापायी डोळे फोडून घेतले ती ढावलोची फाईल आज नेटवर सगळ्यांसाठी खुली केली. आनंद व्हायला पाहिजे होता. मान दुखते आहे, एवढंच कळतं.

फाईलखाली परक्यांसाठी माहिती लिहावी लागली, ती इथेही उतरवून ठेवतो. "ढावलो म्हणजे बंजारा लग्नात सासरी निघालेली मुलगी आईबापाच्या, भावंडांच्या गळ्यात पडून रडत रडत गाते ते गाणं. हे तयार गाणं नाही. गाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची फाईल आहे. शब्द, सूर, हुंदके जागच्या जागी आहेत. मुलीचं, आईबापाचं, तांड्याचं नाव रिकामं सोडलं आहे, ते आपापलं भरावं. फुकट आहे. वापरल्यावर माझं नाव द्यावं आणि नाचायच्या गाण्यात मिसळू नये. वीरेंद्र राठोड, मानोरा."

देवमनला एवढं सांगूनही समजलं नाही. त्याचा लग्नातल्या साउंडचा धंदा आहे, त्याला वाजतं ते गाणं आणि वाजत नाही तो कचरा. शेवटी म्हटलं, शिवलेला झंपर नव्हे रे, शिंप्याकडचं कागदाचं कटिंग आहे. ज्याने त्याने आपल्या मापाचं शिवून घ्यावं. तेव्हा मान हलवली.

खरं तर हा सगळा उपद्व्याप धाकट्या बहिणीसाठी, रंजीतासाठी. तिचं लग्न मे महिन्यात, मुलगा दिग्रसकडच्या तांड्यावरचा, पवन नावाचा. आमच्या तांड्यात पोरींना ढावलो याडी शिकवते. याडी म्हणजे आमची आई, मोतीबाई. आजूबाजूच्या तांड्यांतल्या पोरीही लग्नाआधी तिच्याकडे येऊन बसतात. आणि तिची स्वतःची पोरगी वाशिमला औषधांचं शिकते आणि म्हणते, "मले चारचौघांत रडता येत नाई. तू कॉम्प्युटरकडून रडवून घे."

म्हणून याडीला ओसरीत बसवून एकदा म्हणायला लावलं. आवाज तिचा वापरणार नव्हतोच. सॉफ्टवेअरमधली गाणारी पोरगी परदेशातली आहे, तिला ळ म्हणता येत नाही. याडीची फक्त चाल उचलायची होती. आवाज कुठे चढतो, कुठे कापतो, कुठे श्वास तुटतो, ती सगळी रेघ माउसने जशीच्या तशी ओढली. ढावलो कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. याडीने माझ्या मोठ्या बहिणीचं, चंदाचं घेतलं. दोन अक्षरी नाव आहे, चालीत बसायला सोपं, म्हणून घेतलं असेल. शेवटाकडे ती इतकी सुरेख रडली की मी जागचा हललो नाही. आणखी एकदा म्हण म्हटलं तर उठून चुलीकडे गेली. एकाच वेळी काम झालं ते बरंच झालं, तिला पुन्हा बसवणं माझ्याने झालं नसतं.

याडीशी बोलणं सगळं गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीतच होतं. लिहिताना हात आपोआप वऱ्हाडीवर येतो.

१९ जानेवारी

फाईल कामाची निघाली म्हणायची. म्हणजे माझ्यामागे कामं लागली.

"भाऊ, फाईल उघडून नाई राह्यली." हा निरोप इतक्या जणांकडून आला की उत्तर लिहून ठेवलं आहे, तेच चिकटवतो. एकाला फक्त रडण्याचा भाग पाहिजे, शब्द नकोत. एकाला शब्द पाहिजेत, रडणं नको, घरात बीपीची माणसं आहेत म्हणे. पुसदकडच्या एका बापाने सरळ फोन केला, "आमाले त्यातलं काई समजत नाई बाप्पा, तूच नाव टाकून दे." दिलं टाकून. त्याने माझा नंबर आणखी कुणाला दिला.

दिवसभर सेंटरवर बसून लोकांची नावं भरतो. पीकविम्याचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सर्व्हर डाऊन, उद्या या, उद्या या. घरी येऊन पुन्हा नावंच भरायची, ती नवऱ्या मुलींची. फुकट वाटायला निघालेल्या माणसाला जास्त राबावं लागतं हे कुणी आधी सांगत नाही.

३ फेब्रुवारी

देवमन सकाळीच सेंटरवर आला. अंगात कालचाच शर्ट. दिग्रसकडच्या लग्नात त्याने माझी फाईल वाजवली.

"मांडव गदागदा रडला न भाऊ. नवरदेवाचा मामा रडला. तो मानूस बापाच्या मयतात रडला नोयता."

"माझं नाव सांगितलं काय माईकवर?"

"नाव? ते राह्यलंच."

कुणीच सांगत नाही. नांदेडकडच्या एकाने तर फाईल आपल्या नावाने पुढे वाटली. खाली लिहिलं आहे, "माझी मेहनत, कृपया नाव द्या." हे वाचून सेंटरवर एकटाच हसलो आणि मग दिवसभर जळफळत राहिलो. घरी रंजीताला सांगितलं तर ती म्हणते, "नेकी कर अन् दर्या में डाल म्हनतात न भिया? तू तर दर्यापाशी पावती मागून राह्यला."

पावती नको. पण एखाद्याने म्हणावं की नाही?

१४ फेब्रुवारी

सर्व्हर डाऊन. डोकं दुखतं. काही नाही.

२२ फेब्रुवारी

आज याडीने प्रथमच फाईल ऐकली. मी ऐकवायला पाहिजे होती हे मला सुचलंच नव्हतं. शेजारच्या घरी कुणाच्या तरी मोबाईलवर लग्नाचा व्हिडिओ चालू होता. याडी अंगणात तूर पाखडत होती. सूप तसंच हातात धरून उभी राहिली. गाणं संपल्यावर आत आली.

"हे कुठं वाजलं?"

मी म्हटलं, दारव्ह्याकडच्या तांड्यावर. फाईल माझीच आहे, तू म्हटलं होतंस त्यावरून केली.

"पोट्टीच्या जिभीले हाड हाय काय? बोबडी बोलते."

"याडी, परदेशातली आहे ती."

"दारव्हा," याडी म्हणाली. तांड्याचं नावही विचारून घेतलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. पाखडताना ते नाव दोनदा तोंडात घोळवलं.

६ मार्च

आता हा रोजचा नेम झाला आहे. मी गाडी लावली की याडी विचारते, "आज कुठं वाजलं?" मला आलेले निरोप पाहून मी सांगतो. उमरखेड. कारंजा. एकदा तर तेलंगणातलं गाव होतं. ती गाव विचारते, मांडव मोठा होता काय विचारते, माणसं चांगली होती काय विचारते. मला काय माहीत? मी ठोकून देतो, मोठा होता, चांगली होती.

खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. जगात कुणी नाव घेत नाही, पण घरी एक माणूस आपल्या कामाचं कौतुक करतं. व्हिडिओ दाखवला तर मात्र पाहत नाही, डोळे मिटून ऐकते. मोतीबिंदू असेल. वाशिमला नेऊन दाखवलं पाहिजे, पण लग्नाआधी वेळ कुठला?

बापू, म्हणजे आमचा बाप, अजून कारखान्यावर आहे, ऊसतोडीला. तो नवराबायकोने मिळून करायचा धंदा, जोडीला एक कोयता म्हणतात. बापू अर्धा कोयता म्हणून जातो. चंदा गेली त्या सालापासून याडीने कारखान्याची वाट धरली नाही.

१७ मार्च

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण आज अंगावर आली.

दुपारी फोन. बाईमाणूस, आवाज खणखणीत. "मी बेबीबाई. पवनची आजी. ते रडनं तू भरलं काय कॉम्प्युटरात?"

मला वाटलं, कौतुक. म्हटलं, हो आजी, मीच.

"कोनाच्या मयताचं हाय ते?"

मी म्हटलं, आजी, ते ढावलो आहे, लग्नातलं.

"मले सांगतं? माये केस पांढरे झाले दोन्ही रडनं रडून. शब्द ढावलोचे हायेत. रडनं मयताचं हाय. आमच्या भावकीतल्या मांडवात वाजलं परवा. म्हाताऱ्या बाया उठून गेल्या, पोट्ट्याइले काई समजलं नाई. तुमच्या घरून सून येऊन राह्यली आमच्या घरी. लोकांच्या मांडवात मयत धाडनारं घर कसं हाय, ते मले पाहू द्या आधी. रामनवमीले पोहरादेवीले येतो मी. तुया मायले घेऊन ये. तवरोक पत्रिका छापू नका."

फोन ठेवला. मी फॉर्म भरत होतो, समोरच्या माणसाचं आडनाव दोन वेळा चुकवलं.

याडीला सांगितलं नाही. रंजीताला तर नाहीच. म्हातारीच्या कानांचा भ्रम असेल. रडणं ते रडणं, त्यात लग्नाचं वेगळं आणि मयताचं वेगळं काय?

१८ मार्च

फाईल उघडून तो शेवटचा भाग पाहत बसलो. रेघ खाली उतरत गेली आहे. मध्ये कापते, पुन्हा खाली. इतके दिवस मला ती देखणी वाटत होती. तांड्यावर याडीने पोरींना शिकवताना माझ्या कानावर पडलेलं आठवून पाहिलं. आठवत नाही. बायकांच्या त्या बैठकीत पुरुष थांबत नाहीत, आम्हाला बाहेर हाकलतात. मयतात मी कायम लाकडांच्या बाजूला असतो. दोन्ही रडणी मी पाठ फिरवूनच ऐकली आहेत.

फोन दोन आले, त्याच तक्रारीचे. एक उमरखेडहून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२० मार्च

रंजीताला कळलं. पवननेच सांगितलं. ती वाशिमहून आली ती बॅग दारात टाकून माझ्यावर धावून आली. "तुया त्या फाईलीपायी मायं लग्न मोडलं तर कोनाचं नाव देशीन खाली?" मग रडली. चारचौघांत रडता येत नाही म्हणणारी पोरगी.

याडी भाकरी थापत होती. तिला आता सांगावंच लागलं. मी म्हटलं, बेबीबाई असं असं म्हणते. म्हातारी काहीतरी बरळते, तू एकदा तिला समजावून सांग.

याडीने तव्यावरची भाकरी उलटली. "बाईनं बरोबर वयखलं," म्हणाली.

मी चुलीपाशी जाऊन बसलो.

"नवरीचं रडनं वर जाते अन् मंग तुटते. तिले परत याचं असते न माहेरी. मयताचं खाली खाली उतरत जाते. त्याले परत याचं नसते."

"मग तू मला तसं कशाला म्हणून दाखवलंस?"

"मी ढावलोच सुरू केलं होतं बाप्पा. तिचं नाव घेतलं अन् मंग मले थांबताच आलं नाई."

चंदाबद्दल घरात बोलत नाहीत. मी तेव्हा आश्रमशाळेत होतो, नववीत. चंदाचं लग्न त्या उन्हाळ्यात ठरलं होतं. याडीकडून ढावलो शिकून झालं होतं तिचं. उसाच्या फडात साप चावला आणि ती कारखान्याकडेच वारली. तिकडेच माती दिली. दुसऱ्या दिवशी टोळीला गाडी भरायचीच होती. तांड्यावर परतेपर्यंत पाऊस आला, पेरण्या आल्या, बायकांनी कुणाच्या गळ्यात पडायचं ते राहूनच गेलं. मला सुट्टीत घरी आल्यावर सांगितलं. मोतीबाईला मयतात रडता येत नाही, असं तांड्यातल्या बायका म्हणतात. मीही तसंच समजत आलो.

मी विचारलं, "मग फाईल वाजत होती इतके दिवस, तेव्हा का बोलली नाहीस?"

"मले वाटलं, तुले माहीत हाय," याडी म्हणाली. "म्हनूनच वाटून राह्यला तू."

हे तिचं काय म्हणणं आहे, मला समजलं नाही. भाकरी मात्र जळली.

२५ मार्च

जुनी फाईल काढून टाकली. शेवटचा भाग हाताने नव्याने ओढला, वर जाऊन तुटणारा, याडी म्हणाली तसा. मोठ्या अक्षरांत लिहिलं, "जुन्या फाईलमध्ये चूक आहे, वापरू नका, नवीन घ्या."

आलेली उत्तरं: "भाऊ, जुनीच पाठवा. नवीत रडू येत नाई." "नवीन एकदम फिकी हाय." "चूक कोणती ते सांगा, आमाले तं ठीक वाटते." नांदेडवाला आपल्या नावाने जुनीच वाटतो आहे. आता तो म्हणतो की नवीन फाईल बनावट आहे.

दिलेली वस्तू परत मागता येत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. इथे तर वस्तू माझ्याकडेही आहे, त्यांच्याकडेही आहे, आणि त्यांनी पुढे दिलेल्यांकडेही. पत्रावळ नव्हे की गोळा करून उकिरड्यावर टाकावी. थकलो. कुणी चार दिवस माझ्या खुर्चीवर बसेल तर मी नुसता झोपून राहीन.

याडीने आज विचारलं नाही, कुठं वाजलं ते.

७ एप्रिल

काल पोहरादेवीला गेलो. लिहायला आज बसलो, काल हात उचलत नव्हता.

गर्दी म्हणजे बाप्पा. जीप, ट्रॅक्टर, वर माणसं, खाली धूळ. दर्शन झालं आणि बाहेर पडतो तर एका टेम्पोवर तीच फाईल वाजत होती. जुनीच. खाली माणसं उसाचा रस पीत होती. याडी टेम्पोपाशी थांबली. मी हात धरून ओढलं तर हलेना. "होऊ दे," म्हणाली. शेवटपर्यंत ऐकून मगच पाऊल उचललं.

बेबीबाई ठरल्या ठिकाणी, पाण्याच्या टाकीजवळ बसली होती. जुना पेहराव, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या चुड्या. सोबत पवन, तो बिचारा जमिनीकडे बघत होता. मी बोलणी पाठ करून गेलो होतो. चूक झाली, फाईल काढली, लग्नात ती वाजणार नाही, हवं तर लिहून देतो.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारीने याडीला विचारलं, "कोन होती?"

"मोठी पोरगी. चंदा."

"कवा?"

याडीने साल सांगितलं. कारखाना सांगितला.

"माती?"

"तिकडंच."

"तांड्यात कोनी रडलं तुयासंगं?"

याडीने मान हलवली, नाही म्हणून.

बेबीबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू. आमच्यात मयतानंतर पहिल्यांदा भेटलेल्या बायका गळ्यात पडून रडतात, कितीही दिवसांनी भेटल्या तरी. म्हातारीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि याडीला कवटाळलं. आणि सूर लावला. तिने चंदाला पाहिलंही नव्हतं, पण रडण्यात पोरगी म्हणून तिला हाक मारली, मांडव न पाहता कशी गेलीस म्हणून विचारलं. मग याडीचा सूर लागला. तोच. माझ्या फाईलमधला. पण तिथे तो एकटा होता, इथे दुसरा त्याला धरून होता.

बाजूने माणसं जात होती. कुणी थांबलं, तर पवन हात जोडून त्यांना पुढे जायला सांगत होता. मी दोघींच्या चपला आणि प्रसादाची पिशवी धरून उभा होतो. मलाही रडू येत होतं, पण हात मोकळे नव्हते.

बऱ्याच वेळाने दोघी बसल्या. पाणी प्यायल्या. बेबीबाई माझ्याकडे वळली. "पत्रिका छापा. पन माया मांडवात डबा नाई वाजनार. पोरगी सोता म्हनंन. चार ओळी म्हनंन, पन सोता."

"हो आजी."

"अन् तू. बाईच्या रडन्याची नक्कल करतं तर पयले इचारत जाय का कायले रडते."

परतताना याडी जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. अशी ती कधी झोपत नाही.

१३ एप्रिल

रंजीता सुट्टी घेऊन आली आहे. रोज संध्याकाळी याडीसमोर बसते. मला बाहेर हाकलतात. ओट्यावरून ऐकू येतं, पोरगी सारखी अडते आणि हसते, आणि याडी रागावते, "हसून घे, हसून घे. सासरी गेल्यावर समजंन."

मी याडीला म्हटलं, आता बरोबर चाल म्हणून दाखव, तर फाईल नीट करतो. लोकांना माझी हाताने ओढलेली आवडत नाही. खरी दिली तर जुनी आपोआप मागे पडेल. हा माझा हिशेब अगदी चोख होता.

"राहू दे," याडी म्हणाली.

"अगं, पण लोकांच्या मांडवात..."

"चंदाले मांडव नाई भेटला, वीरू. शिकून तयार होती पोरगी. आता भेटून राह्यला. दारव्ह्यात भेटला, कारंज्यात भेटला. ते जाऊन राह्यली तं तू हाकलून कायले राह्यला? तिनं कोनाचं वाईट केलं?"

मला एकदम ते रोज संध्याकाळचं विचारणं आठवलं. मांडव मोठा होता काय. माणसं चांगली होती काय. आणि मी समजत होतो, माझं कौतुक चाललं आहे. लाज वाटली. आणि कधी नव्हे तो चंदाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, कानात दोऱ्याची रिंगं घालायची ती.

तरी पण. बेबीबाई म्हणते तेही खोटं नाही. दुसऱ्याच्या पोरीला निरोप देताना त्यांच्या नकळत हे रडणं द्यायचं? याडीला हे म्हटलं. ती म्हणाली, "मंग सांगून दे. चोरून कायले?"

९ मे

लग्न झालं. अंगात त्राण नाही. मांडव सोडणं, भांडी परत करणं, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं माझ्याच गळ्यात. बापू आला होता कारखान्याहून, उन्हाने अगदी कोळसा झालेला. तो नुसता इकडून तिकडे खुर्च्या हलवत होता. देवमनने साउंड लावला, पण निघायच्या वेळी सगळ्या वायरी उपसून बाजूला ठेवल्या, बेबीबाईच्या डोळ्यांदेखत.

रंजीता पहिल्या ओळीला अडली. मला वाटलं, झालं, आता हसणार ही. मग तिने याडीच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली ती अशी की मी ओळखला नाही हिचा आवाज. आवाज वर गेला आणि तुटला. याडीपाशी म्हणाली, बापूपाशी म्हणाली, माझ्यापाशी आली तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही, नुसता खांदा ओला झाला. मग ती कुणापाशी न जाता मांडवाच्या मधोमध उभी राहिली आणि चंदाचं नाव घेऊन म्हणाली. तुझा निरोप घ्यायचा राहिला होता बाई, मी आधी चालले, रागावू नको. हे याडीने शिकवलेलं नव्हतं. याडीनेच मला नंतर सांगितलं. बापू हातातली खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसला.

मोबाईल माझ्या खिशात चालू होता. सवय. संध्याकाळी मांडवाच्या बल्ल्या काढताना याडीने विचारलं, "भरलं काय त्यात?"

"भरलं." आणि मी लगेच म्हटलं, आता यावरून फाईल करतो, एकदम बरोबर होईल.

"हे कोनाले देऊ नको," याडी म्हणाली. "रंजीताचं एका मांडवाचं होतं. ते झालं. चंदाचं वाटत राह्य."

१८ मे

सेंटर पुन्हा सुरू. गर्दी, घाम, सर्व्हर.

जुनी फाईल पुन्हा वर टाकली. नवीनही ठेवली, शेजारी. जुनीखाली लिहिलं: "या फाईलमधलं रडणं लग्नाचं नाही. माझी बहीण चंदा लग्नाआधी गेली, तिच्यासाठी माझ्या आईचं ते रडणं आहे. आधी मला हे माहीत नव्हतं. ज्यांना मांडवात नको असेल त्यांनी दुसरी घ्यावी, वाईट वाटणार नाही. ही घेणाऱ्यांनी माझं नाव देऊ नये. चंदाचं दिलं तर बरं." आपल्यातलं असं बाहेर मांडलं. लोक काय म्हणतील याची वाट पाहत बसलो.

सगळ्यात आधी आलेला निरोप: "भाऊ, फाईल उघडून नाई राह्यली."

हसावं की काय करावं. त्याला विचारलं, खाली लिहिलेलं वाचलं काय? हो म्हणाला. त्याच्या आत्याच्या पोरीचं येत्या रविवारी लग्न आहे, तिचीही मोठी बहीण अशीच गेली होती, आत्याने मुद्दाम जुनीच मागितली आहे. मग मी कसं उघडायचं ते नेहमीचं उत्तर न चिकटवता, एकेक पायरी लिहून सांगितलं.

घरी गाडी लावली. याडी ओट्यावर तांदूळ निवडत होती. घर रिकामं वाटतं, रंजीताची खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. जवळजवळ दोन महिन्यांत याडीने एकदाही विचारलं नव्हतं. आज मान वर न करता म्हणाली, "आज कुठं वाजलं?"

"अजून वाजायचं आहे. येत्या रविवारी. विजापूरकडे आहे तांडा, कर्नाटकात."

याडीने गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

"लांब हाय," म्हणाली. "आपल्यातलं कोनी गेलं नोयतं तिकडं."